यल्लव्वाचा डावा हात

गेल्या महिन्यात हुबळीच्या एका सभागृहात बंगळूरहून आलेला एक अभ्यासू तरुण आम्हा पन्नास-साठ जणांना सांगत होता की, माहितीपटात हलती चित्रं वापरण्याचा प्रकार आपल्याकडे आत्ता कुठे येतो आहे. जिथे कॅमेरा पोचला नाही तिथे चित्र पोचू शकतं, ही कल्पनाच म्हणे आपल्या भागाला नवीन. माझं डोकं असं सणकलं की मी उठलो, मधल्या वाटेतला माइक हातात घेतला आणि चांगली पाच मिनिटं तावातावाने बोललो. नवीन? अहो, धारवाडच्या एका बाईने हे तुमच्या जन्माआधी करून दाखवलंय. आणि ते कसं कापलं गेलं तेही मला ठाऊक आहे, कारण...

इथपर्यंत आलो तेव्हा पुढच्या रांगेतली एक मुलगी मागे वळून हळूच म्हणाली, "अंकल, माइक बंद आहे."

बंदच होता. त्याचं बटण माझ्याच अंगठ्याखाली दाबलेलं होतं. मी खाली बसलो आणि 'कारण'च्या पुढचं वाक्य घशातच राहिलं. ते इथे लिहितो. कागदाला बटण नसतं, एवढा त्याचा फायदा.

ती बाई म्हणजे इंदूअक्का. धारवाडला सुभाष रोडच्या मागच्या गल्लीत तिच्या वडिलांचं पाट्या रंगवायचं दुकान होतं आणि माझं बालपण समोरच्याच घरात गेलं. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी, उंच, हाडाने रुंद, अंबाड्यात फुलाऐवजी ब्रश खोचलेला. एक नव्हे, दोन. शेजारच्या बायका हळदीकुंकवाला आल्या की तिला अत्तर लावायच्या, तरी तिच्या अंगाला टर्पेंटाइनचाच वास यायचा. लग्न केलं नाही. का, असं विचारायची हिंमत गल्लीत कुणाची नव्हती, एकीने एकदा केली होती, तिला अक्काने उलट विचारलं, "तू का केलंस ते आधी सांग की."

अक्काची एक खोड सगळ्या गल्लीला माहीत होती. कुणी काही घडलेलं सांगायला लागलं की ती मध्येच विचारायची, "कुठल्या हाताने?" एकदा आमच्या गल्लीतले एक मास्तर सायकलवरून पडले. त्यांची बायको रडत धावत आली.

"अक्का, आमचे हे पडले!"

"कुठल्या अंगावर?"

"अय्यो, हात मोडलाय त्यांचा!"

"तेच विचारते. कुठला?"

बाईला वाटलं, हिला काळीज आहे की नाही. पण हे विचारत असतानाच अक्का चपला घालत होती. मास्तरांना रिक्षात घालून तीच दवाखान्यात घेऊन गेली, हाताला प्लास्टर घालेपर्यंत तीच बाकावर बसून राहिली, आणि तेवढ्या वेळात वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर तिने चार लहान चित्रं काढली: सायकल, खड्डा, मास्तर हवेत, मास्तर जमिनीवर. बाहेर आल्यावर त्यांच्यापुढे धरून म्हणाली, "असेच पडलात काय?" मास्तर कण्हत कण्हत म्हणाले, "हौद अक्का, अस्साच." हौद म्हणजे होय. आमच्याकडे मराठी माणूससुद्धा मनापासून होय म्हणायचं असेल तर कानडीत म्हणतो. त्या 'हौद'वर अक्काचा चेहरा असा खुलला, जणू हात मोडलाच नव्हता.

तिचा रोजचा धंदा काचा रंगवण्याचा. त्या काळी थेटरात मध्यंतरात पडद्यावर जाहिरातीच्या रंगवलेल्या काचा, म्हणजे स्लाइड्स, दाखवायचे: कापडदुकान, दंतमंजन, 'शांतता राखा'. हुबळीतल्या तीन थेटरांच्या काचा अक्काच्या हातच्या. त्या ती जुन्या साडीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसने न्यायची आणि धारवाड ते हुबळी सगळी बस धाकात ठेवायची. "काच आहे, काच! सरक तम्मा." तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, अक्काला सगळं जग तम्माच होतं, कंडक्टरसकट.

हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातल्या एका कापडवाल्याने तिला दुकानाची काच रंगवायला दिली. तिने दुकान काढलं, समोरची हातगाडी काढली आणि पायरीवर रोज बसणारी गायही काढली. शेट भडकले.

"अक्का, गाय कशाला? गाय काढून टाका."

"गाय आधी पायरीवरून हलवा. मग काचेवरून काढते."

"अहो, जाहिरात आहे ही!"

"जाहिरात आहे म्हणून काय खोटं सांगायचं? माणूस दुकान शोधत येईल, गाय बघून ओळखेल."

काच तशीच लागली. पहिल्याच खेळाला गाय दिसल्याबरोबर खालच्या वर्गातून शिट्ट्या पडल्या. शेट पुढे स्वतःच सांगायला लागले, "गायवालं दुकान, तेच आपलं."

पण हे काचांचं काम ही अक्काची खरी विद्या नव्हे. तिने ऐन तरुणपणी मुंबईत पाच वर्षं एका स्टुडिओत हलती चित्रं काढली होती. माहितीपटांसाठी. तिथल्या गोष्टी सांगताना तिचा आवाज चढायचा. "तम्मा, माहितीपटात आमचं काम काय, तर बाण आणि जंतू. नकाशावर बाण पळवायचा, नाही तर रक्तात जंतू वळवळवायचा. माणूस काढायची परवानगी नाही! माणूस म्हणे कॅमेरा दाखवतो." एकदा हिवतापावरचा माहितीपट होता. दिग्दर्शकाने सांगितलं, डासाला मिशा काढा, खलनायकासारख्या पिळदार. अक्का म्हणाली, चावते ती मादी असते, मिशा कशा काढू? ते म्हणाले, प्रेक्षकांना गंमत वाटेल. अक्का म्हणाली, गंमत वाटेल आणि घरी जाऊन मिशा बघत बसतील, तोवर ही चावून जाईल. तिने मिशा काढल्या नाहीत. मग तिला डासावरून हटवून परत बाणावर घातलं. पुढे वडील आजारी पडले तेव्हा ती धारवाडला आली ती आलीच.

आता माझ्याबद्दल थोडं. मोठेपणी मी सरकारी कचेऱ्यांसाठी लहान माहितीपट करत असे. माझ्याकडे सोळा मिलिमीटरचा एक जुना कॅमेरा होता आणि गळ्यात दोरीने अडकवलेलं एक काळं भिंग होतं. त्या भिंगातून काय बघायचं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही; पण ते गळ्यात असलं की लोक 'डायरेक्टर' म्हणत, म्हणून मी ते जेवतानाही काढत नसे. एकदा ते सारात पडलं.

तर अळणावरच्या बाजूच्या एका खेड्यात नवं तळं बांधून झालं होतं आणि त्याच्यावर दहा मिनिटांचा माहितीपट मला मिळाला. पाणी, बैल, हसरे चेहरे, फीत कापणं. मी काठावर कॅमेरा लावून पाण्यातलं आभाळ टिपत होतो, तेवढ्यात कडेवर तान्हं मूल घेतलेली एक बाई येऊन कॅमेऱ्याच्या पुढ्यात उभी राहिली. गंगव्वा तिचं नाव.

"साहेब, आमच्या अव्वाला घालणार काय यात?"

तिची आई यल्लव्वा, त्या तळ्याच्या कामावर होती. माती काढता काढता खाणीची कड सुटली आणि ती खाली गाडली गेली. आणि कंत्राटदाराने काय सांगितलं? त्या दिवशी कामावर कुणी बाई नव्हतीच. ही सरपण गोळा करायला आली असेल, स्वतःच्या पायाने खड्ड्यात उतरली असेल. झालं. चार महिने जिने तिथली माती उपसली ती तिथे नव्हतीच, असं ठरलं. गंगव्वाला पैसा मागायचा नव्हता. तिचं एकच म्हणणं होतं, "ती होती, एवढं सांगा. बाकी काही नको."

मी विचारलं, "फोटो आहे का आईचा?"

फोटो नव्हता. यल्लव्वाचा जन्मात एकही फोटो निघाला नव्हता.

मी धारवाडला येऊन अक्काला हे सांगितलं आणि वर शहाणपणा केला, "फोटो नाही म्हटल्यावर दाखवणार काय?"

"फोटो नाही ते बरं झालं," अक्का म्हणाली. "असता तर तोच चिकटवून मोकळा झाला असतास. बोलाव तिला. आणि शेजारी काम करणारी कोण होती, तिलाही."

दर रविवारी अळणावरच्या बसने गंगव्वा आणि कल्लव्वा यायला लागल्या. कल्लव्वा त्या दिवशी यल्लव्वाच्या शेजारीच माती भरत होती. अक्का जमिनीवर बसायची, मध्ये पातळ पारदर्शक कागदांची चवड, समोर त्या दोघी. ती काढायची, त्या बघायच्या. "अल्ल," कल्लव्वा मान हलवायची. नाही. "चुंबळ इतकी वर नाही, कपाळाकडे." अक्का पुसायची, पुन्हा काढायची. "अल्ल. बुट्टी उचलताना ती आधी गुडघा टेकायची." अक्का म्हणायची, "करून दाखव." मग साठीची कल्लव्वा पदर खोचून उठायची आणि अक्काची रिकामी तांदळाची टोपली गुडघा टेकून उचलून दाखवायची. तेव्हा कुठे "हौद" यायचं. आणि 'हौद' आलं की अक्का त्या बाईचा अंगठा निळ्या रंगात बुडवून कागदाच्या उजव्या कोपऱ्यात उठवायची. अंगठ्याशिवाय एकही मुख्य चित्र पुढे जायचं नाही. मधली चित्रं, हालचाल भरून काढणारी, ती अक्का एकटीच काढायची. पण त्यांच्यावरही पुढच्या रविवारी नजर फिरायची, आणि मग अंगठा.

"कुठल्या हाताने खणायची?" हा प्रश्न पहिल्याच रविवारी आला.

"डाव्या," दोघी एकदम म्हणाल्या. आणि गंगव्वा पुढे बोलायला लागली ती थांबेना. अव्वा डावरी होती. मुकादम हसायचा. खणताना डाव्या हातातल्या बांगड्या फुटायच्या, म्हणून त्या हातात दोनच घालायची आणि उजव्यात भरून. लहानपणी निजवताना ती थोपटायची तो हातही डावाच, त्यामुळे झोप येताना बांगड्यांचा आवाज कमी यायचा. अक्काने खालमानेने तो हात काढला. दोन बांगड्या. गंगव्वाने न सांगताच अंगठा पुढे केला.

कड सुटण्याचं चित्र मात्र अक्काने काढलं नाही. मी म्हणालो, "अक्का, तोच तर मुख्य प्रसंग! माती कोसळते, आरोळी..."

"कल्लव्वा पाठमोरी होती. तिने पाहिलं नाही. गंगव्वा गावात होती. मग मी काय अंदाजाने काढू? मी काय ज्योतिषी आहे?"

तिने काढलं ते एवढंच: कल्लव्वा बुट्टी घेऊन चालते आहे, मागे आवाज, ती वळते, आणि जिथे यल्लव्वा होती तिथे धुरळा आणि उपडी पडलेली बुट्टी. सगळं मिळून दोन मिनिटं.

ते कागद एकेक करून कॅमेऱ्याखाली धरून टिपायचं काम माझं. सुताराकडून एक चौकट करून घेतली, खाली काच, काचेखाली दिवा, वर कॅमेरा. पाच दिवस खोली बंद करून बसलो. पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की कागदावर पेन्सिलीचे बारीक डाग दिसतात. पण कागद पारदर्शक, तेव्हा तोच पालथा ठेवला की डाग खाली जातात आणि रेघ छान मऊ दिसते. आपल्याला हे सुचलं याचा मला इतका आनंद झाला की मी स्वतःला एक चहा जास्त पाजला. सगळे कागद पालथे टिपले. निळे अंगठे उजव्या कोपऱ्यातून डाव्या कोपऱ्यात गेले, तेही मला दिसलं नाही. गळ्यात भिंग होतं ना!

फिल्म मद्रासला धुवायला गेली, तीन आठवड्यांनी आली. अक्काच्या घरी भिंतीवर चादर ताणली. गंगव्वा आणि कल्लव्वा पुढे बसल्या. पडद्यावर एक बाई गुडघा टेकून बुट्टी उचलायला लागली. मला भरून आलं. तेवढ्यात गंगव्वा म्हणाली, "ही कोण?"

प्रोजेक्टर घरघरत होता.

"ही आमची अव्वा नाही," ती म्हणाली, आणि मूल उचलून उभीच राहिली.

अक्का पडद्याजवळ गेली, एकदाच बघितलं आणि माझ्याकडे वळली. ती रागावली की 'तम्मा' जायचा आणि 'अहो' यायचं. "अहो डायरेक्टर, कागद पालथे घातलेत काय?"

मी ती मऊ रेघेची गोष्ट सांगायला लागलो. मग थांबलो. आणि मग जे बोललो ते आजही आठवलं की कानशिलं तापतात. मी म्हणालो, "पण अक्का, हे कुणाच्या लक्षात येणार आहे?"

"कुणाच्या?" तिचा आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल. "ही समोर उभी आहे ती कुणी नाही काय? त्या कंत्राटदाराने हिच्या आईला कामावरून पुसलं, आणि तुम्ही तिचा हात बदलून दुसरीच बाई उभी केलीत! त्याच्यात आणि तुमच्यात फरक काय? त्याला निदान ठाऊक तरी होतं आपण काय करतोय ते!"

फिल्म मद्रासवाल्याने छापताना फिरवून दिली, पण ती धूसर आली. शेवटी सगळं पुन्हा टिपलं. या वेळी अक्का शेजारी बसली. प्रत्येक कागद हातात देताना विचारायची, "अंगठा कुठे?" आणि मी शाळेतल्यासारखं म्हणायचो, "उजवीकडे." शेकडो कागद. शेवटी शेवटी मी झोपेतही "उजवीकडे" म्हणत होतो, असं माझी बायको सुशीला सांगते.

दुसऱ्यांदा दाखवलं तेव्हा गंगव्वा उठली नाही. कल्लव्वा बुट्टी घेऊन निघते आणि यल्लव्वा मागे खणत राहते तिथे आल्यावर गंगव्वा पडद्याकडे बघून अगदी हळू म्हणाली, "अव्वा, सर तिथून." मग धुरळा आला. दिवा लावल्यावर ती म्हणाली, "हौद."

अक्काने ब्रश अंबाड्यातून काढला आणि पुन्हा तिथेच खोचला. तेवढंच.

आता ज्या गोष्टीसाठी मी माइक धरला होता ती.

माझ्या माहितीपटात आणखी एक तुकडा होता. मी गावात पोचलो तेव्हा खोदकाम संपलेलं होतं. पण खणणाऱ्या बायका तर हव्यात. मग नवनगरला, आमच्या घरामागे एक घर बांधायचं चाललं होतं, तिथल्या मातीच्या ढिगावर मी सुशीलेला, तिच्या बहिणीला आणि शेजारच्या दोघींना जुनी लुगडी नेसवून उभं केलं. हसत हसत माती टाका म्हणालो. त्यांना हसायला सांगायची गरज नव्हती. माझ्या गळ्यातलं भिंग बघूनच त्या हसत होत्या. अर्ध्या तासात काम झालं, मग सगळ्यांनी पोहे खाल्ले.

माहितीपट मंजूर करणाऱ्या कचेरीत दाखवायचा दिवस आला. अक्का माझ्याबरोबर आली, बोलावलं नसताना. मुख्य साहेब आणि दोघे-तिघे खुर्च्यांवर. सुशीला पडद्यावर आली तसे साहेब पुढे सरकले. "वा! ह्या बाया बघा! श्रमाचं तेज बघा चेहऱ्यावर. याला म्हणतात अस्सल!" मी नम्रपणे भिंग चाचपलं.

मग यल्लव्वा आली. साहेबांच्या कपाळाला आठी पडली. "हे कार्टून कशाला?" दोन मिनिटं संपेपर्यंत त्यांनी घड्याळ बघितलं. "आणि कोपऱ्यात हा निळा डाग कसला?"

"अंगठा आहे," अक्का म्हणाली. "ज्यांनी पाहिलं त्यांचा."

"बाई, हा माहितीपट आहे. लहान मुलांचा खेळ नाही. जे कॅमेऱ्याने पाहिलं तेवढंच खरं. चित्र काय, कुणीही कसंही काढेल."

"कुणीही काढेल," अक्का उठून उभी राहिली. "आणि कॅमेरा? त्या मघाच्या अस्सल बाया. डावीकडून तिसरी. तिच्या मनगटाला सोनेरी घड्याळ आहे. ती याची बायको. ते तळं नव्हे, नवनगरातल्या एका घराचा पाया आहे तो. श्रमाचं तेज म्हणता ते पोह्यांचं!"

मला जमिनीत जायचं होतं. पण खाली फरशी होती. बरं, आता साहेब मला हाकलतील, माहितीपट रद्द करतील, निदान तोंडावर थुंकतील असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटलं. साहेब माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "घड्याळ दिसतं तेवढा भाग कापा. बायका राहू देत, चांगल्या आल्यात. आणि ते कार्टून पूर्ण काढा. शिवाय त्या कामावर कुणी बाई दगावल्याचं आमच्याकडे काही नाही."

"तुमच्याकडे नाही," अक्का म्हणाली, "म्हणून तर काढलं!"

खोटं खरं म्हणून राहिलं आणि खरं कार्टून म्हणून गेलं. मी याची चीड पुष्कळ वर्षं पुष्कळ लोकांना ऐकवली आहे. ऐकवताना एक गोष्ट नेहमी गाळली, ती आज लिहितो: कापलं मी. साहेबांनी नव्हे. मी नाही म्हणू शकलो असतो. माहितीपट परत घेऊन घरी येऊ शकलो असतो. पण पुढचं काम याच कचेरीतून मिळणार होतं. मी मान डोलावली, घरी आलो, कात्री घेतली आणि दोन मिनिटांची यल्लव्वा कापून डब्यात ठेवली. कंत्राटदाराने एकदा पुसली होती, मी दुसऱ्यांदा.

तो डबा द्यायला मी अक्काकडे गेलो. ती काच रंगवत होती. वर न बघता तिने विचारलं, "कुठल्या हाताने कापलंस?"

"उजव्या."

"हं," ती म्हणाली आणि काच दिव्यापुढे धरली. मला चहा विचारला नाही.

त्या माहितीपटाला पुढे एक ढाल मिळाली. ग्रामीण जीवनाच्या अस्सल चित्रणासाठी. सुशीला ती ढाल मागच्या दाराला लावते, वाऱ्याने आपटू नये म्हणून.

दोन महिने अक्का माझ्याशी बोलली नाही. मग एक दिवस हुबळीच्या थेटरात मी सुशीलेबरोबर सिनेमाला गेलो होतो. मध्यंतर झालं. कापडदुकान आलं, गायीसकट. दंतमंजन आलं. आणि मग पडद्यावर एक बाई आली, कपाळाकडे झुकलेली चुंबळ, डाव्या हातात दोन बांगड्या. काच बदलली. गुडघा टेकला. काच बदलली. बुट्टी डोक्यावर. एकामागून एक आठ काचा, इतक्या भराभर की बाई खरंच हलली. शेवटच्या काचेवर उपडी बुट्टी आणि कानडीत एक ओळ: ही यल्लव्वा. ही कामावर होती. मग 'शांतता राखा'.

थेटरात आधी एकाने शिट्टी मारली. त्याला कुणीतरी गप्प केलं. मी उठून वर मशीनच्या खोलीकडे धावलो. आत मौलासाब, तिथला जुना ऑपरेटर, घामाने निथळत काचा गोळा करत होता. "अक्काने सांगितलंय, हात थांबता कामा नये," तो म्हणाला. "रोज तीन खेळांना करतो. बोटं दुखतात."

चौथ्या दिवशी यल्लव्वाच्या गावाहून ट्रक भरून माणसं आली. त्यांनी तिकिटं काढली, निम्मा सिनेमा मुकाट्याने बसून काढला, मध्यंतरातल्या त्या चार-पाच क्षणांत उभी राहिली आणि 'शांतता राखा' आल्यावर सगळीच्या सगळी निघून गेली. सिनेमा कुठला होता ते गंगव्वाला आजही सांगता येत नाही. दहाव्या दिवशी दोन माणसं, कंत्राटदाराची की कचेरीची ते कळलं नाही, वर आली आणि काचा घेऊन गेली. मौलासाबने सात दिल्या. आठवी फुटली म्हणाला. ती त्याच्या जेवणाच्या डब्यात, भाकरीखाली होती.

अक्काला मी शेवटचं पाहिलं ते नवनगरात, तिच्या भाच्याच्या घरी. पुन्हा बोलायला लागून आम्हाला तोवर पुष्कळ वर्षं झाली होती. मी माफी मागितली नव्हती, तिने एक दिवस चहा दिला, एवढंच. तिच्या दोन्ही डोळ्यांवर दुधासारखं पांढरं आलं होतं आणि माणसं ती आवाजावरून ओळखायची. अंबाड्यात ब्रश मात्र होता, केसांइतकाच पांढरा पडलेला.

"तम्मा, कपाटात बिस्किटांचा डबा आहे. त्यातली काच काढ बघू."

साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली होती. फुटली म्हणून सांगितलेली तीच; पण क्रमाने आठवी नव्हे, चौथी. मौलासाबने निवडून ठेवलेली, बुट्टी उचलतानाची. मी ती खिडकीच्या उजेडात धरली.

"दिसते काय?"

"दिसते."

"कुठला हात?"

तोंडातून 'डावा' निघणारच होतं. तेच बरोबर उत्तर होतं, आणि तिला तर काहीच दिसत नव्हतं. पण मी बघितलं. उजवा होता. मग कोपऱ्याकडे नजर गेली: निळा अंगठा, तिने काचेवरही उठवून घेतलेला, डाव्या बाजूला. मी काच फिरवली.

"डावा, अक्का."

ती जराशी हसली. "इतका वेळ लागला. उलटी धरली होतीस ना?"

"हौद, अक्का."

तिने काचेसाठी हात पुढे केला. उजवा होता. मी बघून ठेवलं.